कॅसेटमध्ये छावणी नाही

लातूर,
११ मार्च १९८६

चि. बसवंत,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी आलं. मेसमधली डाळ आता पचते म्हणतोस, वाचून बरं वाटलं. तिकडे समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडतात, ते मी केवळाबाईला वाचून दाखवलं. ती राखेनं भांडी पुसत बसली होती, म्हणाली, "मंग आपल्याला नुसता समुद्रच कमी पडला म्हणा की, बाई." दिवसभर मला हसू येत होतं.

इकडे पाण्याचे फार हाल आहेत. टँकर कोपऱ्यावर येतो आणि बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात. जिल्हा झाल्यापासून लातुरात कचेऱ्या वाढल्या, घरभाडी वाढली, माणसं वाढली; पाणी होतं तेवढंच राहिलं. औशाच्या उमाबाई तुझ्यासाठी स्थळ घेऊन आल्या होत्या. मुलीचा फोटो सोबत ठेवला आहे. नाक जरा बसकं आहे, पण नजर शांत वाटते.

आता तू विचारलंस त्याबद्दल.

अप्पांनी समोरच्या रेवणसिद्ध मास्तरांकडून तुला परस्पर पत्र लिहवून घेतलं, हे मला तुझ्याच पत्रातून कळलं. कॅसेट कापलेली निघाली, दुसरी पाठव, असं त्यांनी लिहवलं. आणि खाली, 'का माझंच डोकं फिरत चाललंय, ते तू येऊन सांग.' हे वाक्य तू मला जसंच्या तसं उतरवून पाठवलंस. मे महिन्यात रजा घेऊन येतो, अप्पांना हैदराबादला मेंदूच्या डॉक्टरकडे नेतो, त्याआधी त्यांच्याजवळ बसून ते पिक्चर एकदा पाहतो, असंही लिहिलंस.

कॅसेट चांगली आहे, बाळा. कुठेही कापलेली नाही.

तू व्हीसीआर आणि ती कॅसेट पाठवलीस तेव्हा ते किती आनंदले होते, हे मी तुला कळवलं होतंच. काचबिंदूनं डोळे गेल्यावर माणूस नुसता बसून होता. बाहेर उजेड आहे की अंधार, तेवढंच त्यांना कळतं. त्यात तू नेमकं ते अंतराळाचं पिक्चर पाठवलंस, ज्याच्या गोष्टी ऐकत तू मोठा झालास. दर रविवारी जेवणं झाली की मी टीव्हीसमोर खुर्ची ओढते आणि काय दिसतंय ते त्यांना सांगते. त्यातलं इंग्रजी त्यांना भराभर कळत नाही, तेही मीच मराठीत सांगते. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर आमच्याकडून चित्राचं वर्णन करून घ्यायच्या. 'जे दिसतं तेवढंच सांगा, मनातलं घालू नका,' असा त्यांचा दंडक होता. मला त्यात नेहमी बक्षीस मिळायचं. ते हस्तिदंती रंगाचे कागद, निळी शाई, खिडकीबाहेरची जांभळी फुलं, सगळं परत आल्यासारखं झालं. पहिले काही रविवार आम्ही दोघं इतके सुखात होतो, की तसे लग्न झाल्यापासून कधी नव्हतो.

अप्पांना कथेशी कर्तव्य नव्हतंच कधी. यान कुठल्या ग्रहावर गेलं, कोण मेलं, कोण वाचलं, याचं त्यांना काही नाही. त्यांचा जीव बारीकसारीक गोष्टींत. तुला तर त्या पाठ आहेत. यानात भिंतभर घड्याळं असूनही कप्तान निघण्यापूर्वी मनगटावरच्या घड्याळाला चावी देतो. चालकाच्या पाठीमागे कुंडीत एक रोप आहे आणि दर वेळी त्याचं एक पान कमी झालेलं असतं. म्हाताऱ्या इंजिनिअरच्या अंगरख्याचं तिसरं बटण तुटलेलं आहे, पण वादळात तो धावतो तेव्हा ते जागेवर असतं, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा नसतं. "शिंच्यांना कळलंच नाही!" म्हणून अप्पा मांडीवर थाप मारायचे. डॉक्टरीणबाईच्या शिरस्त्राणाच्या काचेत दिवा धरलेल्या माणसाचा हात दिसतो, तो तर त्यांनी एकट्यानं शोधून काढला होता. मी सांगायच्या आधी ते म्हणायचे, "आता चावी देईल बघ." आणि मी म्हणायची, "दिली."

'हे पिक्चर मी एकोणसत्तर साली हैदराबादला ट्रेनिंगला गेलो तेव्हा पाहिलं,' असं ते नेहमी सांगत. तुलाही तसंच सांगितलं असेल.

पौषातल्या एका रविवारी यान चंद्राच्या काळ्या बाजूला गेलं. पडदा पूर्ण काळा होतो, संगीत थांबतं. अप्पा एकदम खुदकन हसले. "आता छावणी येते बघ!"

"कसली छावणी?" मी विचारलं.

"जनावरांची…" आणि मग म्हणाले, "काही नाही. तू सांग, काय दिसतंय?"

"काळोख," मी म्हणाले.

मी ते तिथेच सोडलं होतं. म्हातारपणी माणूस दोन गोष्टी एकात मिसळतो. पण पुढच्या रविवारी साहेबराव आले. तुला आठवत असतील, दुष्काळी कामांवर अप्पांच्या हाताखाली मस्टर सांभाळायचे. आता मुलाकडे इथेच असतात. तेही पिक्चर बघायला बसले. पडदा काळा झाला आणि त्यांनी टाळीच वाजवली.

"साहेब, इथं छावणी पायजे होती!"

साहेबराव माझ्याकडे वळले.

"वैनी, तुमाला सांगितलं न्हाई का साहेबांनी? आवो, नांदेडला त्या ऑपरेटरनं निम्म्या पिक्चरला भलतंच रीळ चढवलं. सरकारी दुष्काळाचं. चंद्राच्या मागून एकदम बैलं! कडबा खातेत! थेटरात एक जण वरडला, 'आरं, आपली बैलं चंद्रावर गेली की!' लई हसलो. पोट दुखाया लागलं."

"साहेबराव, चहा घ्या," अप्पा म्हणाले.

"घेतो की. निवृत्ती डायवरनं जीप स्टँडमागं लावली होती, कुणी बघू नये म्हणून. कुणाला सांगू नगा बरं का वैनी, सरकारी डिझेल! पोळ्याचा आदला दिवस. बैलं छावणीत अन् आपुन थेटरात! एकच आठवडा चाललं ते पिक्चर नांदेडला, पुन्हा आलंच न्हाई."

मी आत जाऊन चहा केला. साखर बरोबर पडली होती. बिस्किटंही दिली.

बसवंत, निलू पोळ्याच्या आदल्या दिवशी गेली.

तू तेव्हा हैदराबादच्या वसतिगृहात होतास. बहिणीबद्दल तुला जे सांगितलं गेलं तेवढंच तुला ठाऊक आहे. म्हणून मला जे आठवतं ते लिहिते. बहात्तरच्या त्या दुष्काळात आपल्या नायगावात विहिरी आटल्या होत्या, टँकरचं पाणी गढूळ होतं. तिला रात्रीत उलट्या-जुलाब सुरू झाले. उजाडता उजाडता तिचे डोळे खोल गेले होते. नांदेडच्या दवाखान्यात नेण्यावाचून इलाज नव्हता आणि पटकीच्या भीतीनं कुणी तिला गाडीत घेईना. जीप अप्पांकडे होती, चार कोसांवरच्या तलावाच्या कामावर. मी दिवस उगवायच्या आत ग्यानोबा शिपायाला तिकडे पिटाळलं. सगळं संपल्यावर तो मला सांगत होता, "साहेब कामावर न्हाईत, बाई. जीपबी न्हाई. मी लई हुडकलं." त्याची वाट पाहून मी तिला एका बैलगाडीत घालून निघाले होते. बैलांच्या बरगड्या दिसत होत्या. कहाळ्याच्या पुढे तिनं मला विचारलं, "आई, अप्पा कवा येतेत?" तिची भाषा त्या गावची झाली होती, मी नेहमी सुधारायची. त्या दिवशी सुधारली नाही.

अप्पा मूठमातीला आले. कपड्यांवर धूळ होती. सगळ्यांसमोर त्यांनी ग्यानोबाला विचारलं, "तू आलासच कधी? मी दिवसभर कामावर होतो." ग्यानोबा पाया पडून शपथा घेत होता. तो दारू पिऊन वाटेत पडला असं ठरलं आणि त्याची नोकरी गेली. नंतर, घरात, मला ते हळू आवाजात समजावायचे. फार मायेनं समजावायचे. "तू माणूस पाठवलास दुपारी. सकाळी नाही. तुला नीट आठवत नाही. तू शुद्धीत नव्हतीस." मी म्हणायची, सकाळीच. ते म्हणायचे, "असू दे. मी तुला बोल लावत नाही." पुढे पुढे मलाही दुपारचं ऊन आठवायला लागलं. ग्यानोबा दारातून निघतो आहे आणि त्याची सावली पायाशी आहे, असं मला अगदी स्वच्छ दिसायचं. इतकी वर्षं मी त्या सावलीसह जगले.

तुलाही त्यांनी तेच सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत तू आलास आणि चौकटीत उभा राहून माझ्याकडे पाहिलंस. तू तेव्हा लहान होतास, मी त्याचा राग धरला नाही.

साहेबराव गेल्यावर मी अप्पांना काही विचारलं नाही. मला काही कळलं नसेल, असं त्यांना वाटलं असावं. त्यांना माझा चेहरा दिसत नाही ना.

त्यानंतरच्या रविवारी कप्तान निघाला. अप्पा म्हणाले, "आता चावी देईल बघ."

मी म्हणाले, "नाही. हात मागे बांधून उभा आहे."

"अगं, नीट बघ."

"बघतेच आहे."

ते हसले. म्हणाले, हुकलं असेल तुझं. पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणाले. मग मी रोप काढून टाकलं. म्हटलं, ती कुंडी नाही, तारांचा गुंता आहे. मग बटण. "सगळी बटणं जागेवर आहेत हो, पहिल्यापासून." काचेतल्या हाताला ते फार हट्टाला पेटले, मला टीव्हीजवळ जाऊन बघायला लावलं. मी गेले. हात मला स्पष्ट दिसत होता, मनगटावर लाल दोरा असल्यासारखं काहीतरी होतं. मी परत येऊन बसले आणि म्हणाले, "तुम्हाला नीट आठवत नाही. असू दे. मी तुम्हाला बोल लावत नाही."

त्या दिवशी त्यांनी हात पुढे करून माझं तोंड चाचपलं. ओठांवर बोटं ठेवली. मी हसत नव्हते, तेव्हा त्यांना काही सापडलं नाही.

आता ते पिक्चरपुरतं राहिलेलं नाही. नायगावच्या घराला किती खोल्या होत्या विचारतात. आपल्याकडे काळं कुत्रं होतं ना, विचारतात. काही खरं सांगते, काही नाही. परवा केवळाबाईला विचारत होते, "मी आज जेवलो का?" ती म्हणाली, "दोन डाव जेवलात की साहेब, म्या मोजून भाकरी वाढल्या." ती बिचारी खरंच सांगत होती, ते मात्र पालथी मूठ तोंडावर धरून किती तरी वेळ बसले. साहेबरावांना मी म्हटलं आहे, की अप्पांना आता माणसांचा त्रास होतो. ते येत नाहीत. मास्तरांना मात्र सांगायचं राहून गेलं होतं.

तेव्हा हैदराबादच्या डॉक्टरची गरज नाही. त्यांचा मेंदू उत्तम आहे.

एक जागा अजून त्यांच्यापाशी आहे. शेवटाकडे यानात पाणी सांडतं आणि त्याचा गोळा होऊन हवेत तरंगतो. सगळे तहानलेले असतात, आणि तो म्हातारा इंजिनिअर आ करून, पोहल्यासारखे हात मारत, त्या गोळ्यामागे जातो. तुला लहानपणी अप्पा ते करून दाखवायचे. हे मात्र त्यांनी मला एकदाही विचारलेलं नाही. ती जागा जवळ आली की म्हणतात, "बंद कर आता, डोकं दुखतंय." दर रविवारी, बरोबर तिथेच. मी बंद करते. केवळाबाईजवळ म्हणाले, "माझा बसवंत आला की त्याला विचारीन. तो खोटं बोलत नाही."

हे खरं आहे. तू कधीच खोटं बोलला नाहीस. लहानपणीसुद्धा जे मनात असायचं ते तुझ्या डोळ्यांत यायचं.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. व्हीसीआर नको होता मला, सोन्याची साखळीही नको होती. मे महिन्यात ये. त्यांच्या शेजारी बस, त्यांचा हात हातात घे, मी आत स्वयंपाकघरात राहीन. ते तुला विचारतील, पाणी आलं का. पडद्यावर पाणी असेल. तू त्यांना सांग, "नाही अप्पा. असलं काही नाहीये यात." आवाज चढवू नकोस. मायेनं सांग.

आणि हे तुझ्यानं होणार नसेल, तर तिकीट परत कर. मला तसं कळव, मी त्यांना सांगेन की तू येणार होतास असं त्यांना उगीच वाटलं.

तब्येतीला जप. उन्हात हिंडू नकोस.

जिला सकाळ होती हे आता पक्कं आठवतं,
ती तुझी
आई