जादूच्या राज्यात नांदेडची कंडक्टर

७ जाने., रविवार. नांदेड.
आज घरी नवा खेळ सुरू: एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. फोनवर या खेळाच्या ग्रुपात कुणीतरी हसलं होतं, "जादूच्या राज्यात कंडक्टर? योद्धा घ्या, राजकन्या घ्या." नाही घेत. गोष्ट मी सांगणार, राक्षस माझे, राणी माझी. पण त्या राज्यात जाऊन पडणारी माणसं हदगावच्या एसटीतली. खिशात मोबाईल, पायात चपला.

खेळायला आलेला सलीम मोबाईल रिपेरीवाला झाला, म्हणजे स्वतःच. रेखाही स्वतःच, खाकी ड्रेससकट कंडक्टर. पहिल्याच पुलावर राक्षस आडवा. रेखा ओरडली, "दारात उभं राहू न्हाई, आत सरका!" वीस बाजूंचा फासा टाकला, वीसच पडले. राक्षस सरकला. हसून हसून पोट दुखलं.

१४ जाने., रवि.
राणीनं घरी परतायचा दरवाजा उघडला. सलीम लगेच तयार. रेखा म्हणाली, "मी न्हाई येत." का? "इथं कुणी मला बघायला येत न्हाई."

चहा ठेवताना तिनं सांगितलं. पुढच्या रविवारी जळकोटला भावाकडं पाहुणे येणार. त्यांची अट, नोकरी सोडायची. भाऊ हो म्हणून बसला.
"तुला विचारलं का?"
"मला तारीख सांगितली, ताई."

१७ जाने., बुध.
तिच्या भावाचा फोन आला, मी मेडिकलवर होते, समोर गिऱ्हाईक. "मॅडम, तुमच्या घरी फाशे टाकायलेत म्हणं. बहिणीच्या डोक्यात काय भरवायलाव?" म्हटलं, जुगार नाही, गोष्ट असते. जमलं की फसलं, एवढंच फासा ठरवतो. "लग्नाच्या पोरीला कशाला गोष्टी?" मग मात्र राहवलं नाही. "भरलेली गाडी रोज सांभाळते ती. तिला विचारा की एकदा." त्यानं फोन ठेवला.

त्या रविवारी दरवाजा उघडला तेव्हा तिच्या घरचं मला ठाऊक नव्हतं. असतं तरी तो दरवाजा लिहिला असता. हो, लिहिलाच असता.

२१ जाने., रवि.
वाटलं होतं, आज मी आणि सलीम दोघंच. अकराला रेखा आली. तोंड सुकलेलं, पण मान ताठ.

"जळकोटला गेली नाहीस?" मी विचारलं.
"न्हाई. भावाला सांगितलं, नोकरी सुटणार न्हाई. ज्याला चालतंय त्यानंच यावं."
"मग?"
"भाऊ मोटरसायकलवर इकडंच निघालाय."
सलीमनं विचारलं, "आजचा खेळ राहू द्यायचा का?"
"का म्हणून?" रेखा म्हणाली आणि बसली.

मी सुरू केलं. दरवाजा मिटतोय. घरी जाशील तर परत येणं नाही. राहशील तर घर नाही. काय करतेस?

रेखा म्हणाली, "राणीला सांगा, मी येणार बी आणि जाणार बी. परतीची फेरी असतीच."
"तसा नियम नाही, रेखा."
"मग लिवा की नियम."

लिहिला. तिच्यासमोर, पेनानं. पण अवघड ठेवला: अठरा किंवा वर पडले तरच. तिनं फासा मुठीत धरला. तेवढ्यात गल्लीत मोटरसायकल थांबली. सलीम माझ्याकडं बघायला लागला. मी आतून आणखी एक खुर्ची आणून मांडली.

"टाक," म्हटलं.