खिडकीचा मास्क

७ फेब्रुवारी २०२२, सोमवार
उजव्या गालावर तीन, हनुवटीवर दोन. ओठाच्या कोपऱ्याशी एक नवा, पिकलेला. शाळा उघडून आठवडा झाला.

बाकीच्या शिक्षिका निळा मास्क लावतात. मला चालत नाही. मी बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवते. त्यांना माझे ओठ दिसले पाहिजेत. म्हणून कापडी मास्कला मधोमध प्लास्टिकची खिडकी, मीच शिवलेली. आत वाफ धरते, घाम साचतो, शिवण घासते. लोकांचे फोड मास्कखाली झाकले जातात. माझे दुकानाच्या काचेत मांडल्यासारखे. सहा मुलं दिवसभर तिथेच बघतात. तेच त्यांचं काम आहे.

९ फेब्रु.
झोयाचा म. सहा वर्षांची, येरवड्याहून येते, कानाला यंत्र फार उशिरा लागलं. प, ब, म ओठांवर एकसारखे दिसतात, नुसतं बघून भागत नाही. प साठी तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची, ती उडते. मास्कमधून उडत नाही. म साठी मुलाचा तळवा आपल्या गालावर, नाकाशेजारी. आत घुमतं ते हाताला कळतं.

आई-वडील दोघांनाही झोया 'अब्बी' म्हणते. तिची आई रेहाना परवा म्हणाली, "टीचर, एकदा मला अम्मी म्हणू दे. बाकी सावकाश होऊ दे."

तळवा बरोबर फोडांवर बसतो. मी तोंड वाकडं केलं नाही. तिला तरी कळलं. बोट स्वतःच्या गालावर, भुवया वर: दुखतं? मी मान हलवली, नाही. या मुलांशी खोटं बोलता येत नाही. बोलले.

१२ फेब्रु., शनि.
कोपऱ्यावरचा औषधवाला. मान वर न करता ट्यूब काढली.
"मास्कचं ना? अख्खी शनिवार पेठ नेतीये. सकाळ-संध्याकाळ लावा."
डॉक्टरांना दाखवू का?
"दाखवा की. तेही हीच देतील, फक्त तासभर बसवून."
पटलं.

१८ फेब्रु.
गेले. सगळे. एवढा साफ गाल कॉलेजातही नव्हता.

झोयाला म सापडला. एक तळवा माझ्या गालावर होता. दुसरा तिने आपणहून स्वतःच्या गालावर ठेवला. माझ्यातलं घुमणं आणि तिच्यातलं, जुळवून पाहिलं. फाटकाशी म्हणाली: अम्मी. रेहाना पाण्याच्या बाटलीचं झाकण पुन्हा पुन्हा लावत राहिली.

२४ फेब्रु.
चेहरा साफ, म्हणून सोमवारी ट्यूब बंद केली. आज आरशात ओळखू आले नाही. जबडाभर लाल, पू, गार पाणी मारलं तरी आग. ट्यूब पुन्हा लावली. दुपारपर्यंत निम्मं शांत. शांत झालं याचाच राग आला.

२८ फेब्रु.
ट्यूबचं खोकं वाचलं. स्टेरॉइड. बाजूला लाल पट्टी: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. कानाच्या यंत्राची पुस्तिका वाचत नाहीत म्हणून मी पालकांना फैलावर घेते. हे खोकं सोळा दिवस बेसिनवरच्या फळीवर होतं.
आणि औषधवाला. त्याला तर वाचता येतं. रोज तेच वाचतो.
तरी आजही लावली. वर्ग तर घ्यायचाच आहे.

३ मार्च
एका मुलाच्या आजोबांचं पत्र. निवृत्त, अक्षर मोत्यासारखं. "सदर शिक्षिकांच्या चेहऱ्यावरील विकार संसर्गजन्य नसल्यास आनंदच आहे. तथापि त्यावर विद्यार्थ्यांचे हात ठेवण्याची पद्धत अभ्यासक्रमात कधीपासून समाविष्ट झाली, हे कळवण्याची कृपा व्हावी."

मुख्याध्यापिका बाई: "अहो, तोंडी असतं तर ऐकून सोडून दिलं असतं. लेखी आलंय. लेखी आलं की मला काहीतरी करावं लागतं."

उद्यापासून निळा मास्क. हात लावू द्यायचा नाही. डॉक्टरांचा दाखला आणायचा.
"ओठ दिसणार नाहीत, बाई."
"फळा आहे ना."
फळा. झोयाला अजून स्वतःचं नाव लिहिता येत नाही.

५ मार्च, शनि.
खडकीला त्वचेच्या डॉक्टर. तरुण मुलगी. ट्यूब पाहून टेबलावर उलटी ठेवली.
"किती दिवस?"
तीन आठवडे.
"आजपासून बंद. आधी वाढेल. दोन महिने, कदाचित तीन. मध्ये एकदा जरी लावलीत तरी पहिल्यापासून सुरुवात."
संसर्गजन्य नाही, असं लिहून दिलं. मुलांच्या हातांचं विचारलं. "धुतलेले असू देत. त्यांना काही होत नाही. दुखेल ते तुम्हाला."

८ मार्च
दाखला दिला. बाईंनी पूर्ण वाचला, भोकं पाडून फायलीत लावला.
"मला पटलं हो. पण पालक फाईल बघणार नाहीत. तोंड बघणार."
मग आवाज खाली आणून, "त्या ट्यूबने बरं होतं म्हणालात ना? शाळेची वार्षिक तपासणी होईपर्यंत लावा. नाहीतर वर्ग दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल. तुम्ही तोवर ऑफिसात मदत करा."
दाखल्यात ट्यूब बंद करायची हेही लिहिलं होतं. वाचलं होतं त्यांनी.
महिला दिन म्हणून सर्वांना गुलाब. मलाही. त्याच हाताने.

११ मार्च
निळ्या मास्कचा आठवडा. मुलं माझ्या डोळ्यांकडे बघतात. तिथे काही नाही.
झोयाने बोट घालून मास्क खाली ओढला. मी वर केला. तिने पुन्हा ओढला. मी वर केला. नंतर तिने ओढला नाही. खिडकीबाहेर बघत बसली.

फाटकाशी रेहाना: "परत अब्बी झालं, टीचर. घरी मी देते गाल, पण माझ्याने होत नाही. तुम्ही हात का काढलात?"
नियम आहे म्हटलं.
"कोणाचा?"
उशीर होतोय म्हणून मी आत वळले. तिच्याशी नीट बोललेही नाही. तोंडभर आग होती, आणि राग ज्यांच्यावर काढायचा ते समोर नव्हते.

आता लावली तर सोमवारपर्यंत चेहरा साफ. वर्ग माझा. झोयाचा म पुन्हा येईल, आणि ही ट्यूब आयुष्यभर

१४ मार्च, सोमवार
लावली नाही. खिडकीचा मास्क घालून गेले. जबडा सुजलेला, प्लास्टिकमागे सगळं दिसतं. दिसू दे.

सहापैकी चार मुलं. आजोबांचा नातू नाही, आणखी एक नाही. चौघांचे हात साबणाने धुवून घेतले. फोड एकेक बोटाने दाखवले, खुणेने सांगितलं: दुखतं.

झोयाने तळवा ठेवला, पण वजन न देता. असं ठेवून काही कळत नाही. मी तिचा हात वरून दाबून धरला. डोळ्यांत पाणी आलं. म सुरू केला.

दारात मुख्याध्यापिका बाई. "जरा ऑफिसात येता का?"
मुलांनी वळून पाहिलं नाही. मी मोकळ्या हाताने थांबा म्हटलं. बाई थांबल्या नाहीत, आत येऊन माझ्या खुर्चीला हात लावून उभ्या राहिल्या. "अहो, मी तुमच्याशी बोलतेय."

श्वास संपला. झोयाचे ओठ मिटलेले, तिच्याकडून अजून काही नाही.
मी पुन्हा श्वास घेतला.