तक्त्यातली अकरा घरं

सोमवार, १४ तारीख, सकाळी कामावर निघण्यापूर्वी

चि. बारक्यास,

ताईचा आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि त्याहून जास्त आई कुरकुरते. तुझ्या बायकोने पाठवलेला स्वेटर तिला अगदी मापात बसला, पण "रंग म्हातारीचा आहे" म्हणत तिने तो मला देऊन टाकला. म्हणजे म्हातारी मी!

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग माझं राहून जातं. तेव्हा हे शेवटपर्यंत वाच, नंतर काय आदळआपट करायची ती कर.

शनिवारी तू मोजमापाचे मूळ तक्ते मागितलेस. गुरुवारी तुझ्या प्रबंधाच्या परीक्षकांना ते बघायचे आहेत. मी म्हणाले, "कपाटात असतील, शोधते." शोधायचं काही नव्हतं. तक्ता वर्षभर माझ्या खणात आहे. त्यात बारा घरं आहेत आणि आकडा एकाच घरात आहे.

आता उठून फेऱ्या मारू नकोस. बस आणि वाच.

तुझ्या निळ्या, केसाळ, आठपायी कोळिणीचा नमुन्याला एकच पाय उरला होता, आठवतं ना. तुलनेसाठी तपकिरी कोळ्याचा पाय दुसऱ्या डबीत होता. निळ्याचा रंग उजेडाखाली मोजायचा, बारा कोनांतून. तपकिरीवर सोन्याचा पातळ थर चढवायचा, म्हणजे मोठ्या सूक्ष्मदर्शकात त्याचे केस नीट दिसतील. नाव डबीवर लिहावं, झाकणावर लिहू नये, हे मी गेली एकोणीस वर्षं येईल त्याला ऐकवते. तू तर माझी नक्कलही करायचास. त्या दिवशी घाईत मी झाकणांवर लिहिलं. पहिला कोन सरळ समोरून मोजला, निळा पाय परत डबीत ठेवला, डब्या झाकल्या आणि जेवायला गेले. झाकणांची अदलाबदल झाली होती. थर चढवायच्या खोलीत पिवळा दिवा असतो, त्याखाली निळं काय नि तपकिरी काय, दोन्ही काळंच दिसतं. यंत्र उघडून पाय बाहेरच्या उजेडात आणला आणि तपकिरी पाय दुसऱ्या डबीत तसाच दिसला; थर निळ्यावर चढला होता.

त्या निळ्यात रंग नावाची वस्तूच नव्हती, हे तूच मला शिकवलंस. केसांवरच्या बारीक घड्या तेवढा निळा उजेड परत फेकतात, बाकीचा सोडून देतात. मी त्या घड्यांवर धातू चढवला. पाय करडा पडला तो पडलाच.

त्या आठवड्यात तुझी मुलगी दवाखान्यात होती. तू तिथून तीनदा फोन केलास, "ताई, झालं का मोजून?" तिसऱ्यांदा मी "हो" म्हणाले. साबणाच्या फुग्याचा रंग कोनागणिक बदलतो, तसा हा निळा बदलत नाही, असं तुझं म्हणणं होतं. मीही पाय हातात फिरवून पाहिला होता, मला तो सगळीकडून सारखाच वाटला होता. म्हणून पहिला आकडा थोडा खालीवर करून मी आणखी अकरा आकडे तुला टाइप करून पाठवले. तुझ्या मुलीमुळे केलं असं म्हणून सुटता आलं असतं. पण खरं सांगते, माझ्या हातून नमुना बिघडला हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तुला तर नाहीच.

काल रविवारी मी कोरा तक्ता घेतला, जुनं पेन शोधलं आणि अकरा घरं भरायला बसले. पाच भरली. हात जरासुद्धा थरथरला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. तो कागद मी फाडून टाकला.

आणखी एक, आणि हे जास्त वाईट आहे. जिवंत कोळी सांभाळणाऱ्या काकांकडे त्याच जातीच्या कोळिणीने कात टाकली. काकांनी ती शुक्रवारी मला दिली. कातेवरचा निळा शाबूत असतो. मी ती बाराही कोनांतून मोजली, दोनदा. सातव्या कोनापर्यंत तुझंच खरं आहे, रंग जागचा हलत नाही. आठव्यापासून तो जांभळ्याकडे सरकतो. म्हणजे तुझ्या प्रबंधातलं "कधीच बदलत नाही" हे वाक्य चूक आहे, आणि ते माझ्या आकड्यांवर उभं आहे. पदवी लांबेल. कदाचित सगळं पुन्हा लिहावं लागेल. मला माफ कर असं लिहायलाही लाज वाटते आहे, तरी लिहिते.

सोबत जुना तक्ता आहे, अकरा घरं रिकामी असलेला, आणि कातेची नवी मापं. दोन्हींच्या प्रती आज मी आमच्या विभागप्रमुखांना देणार आहे. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

गुरुवारी परीक्षक विचारतील, आकडे कुणाचे. तू मध्ये पडू नकोस. लहानपणी लोणच्याची बरणी मी फोडली आणि तू पुढे होऊन मार खाल्लास. तेव्हा मी दाराआड गप्प उभी होते. आता तू गप्प राहा आणि हे पत्र तक्त्याला टाचून त्यांच्यापुढे ठेव. खाली कामाच्या कागदावर करते तशी हुद्द्यासह सही केली आहे.

तुझी ताई,
तंत्रज्ञ, मोजमाप विभाग.
ते अकरा आकडे माझे आहेत. माझ्या भावाला ते ठाऊक नव्हतं.