वीणेचा पहारा

प्रिय कुसुमताई,

त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, "मी काय केलं गा धोंडबा? आईपाशी बसल्या बसल्या उमर गेली. जिथल्या तिथंच राहून गेली मी."

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात इतकी वर्षं बॉयलरवर काढली. कोळशाची आच, आचेची वाफ, वाफेनं फिरणारं टर्बाइन आणि त्यातून निघालेली वीज. पाळीवर चढताना रोज हात जोडतो, पण सवयीनं. मध्ये आपली लेक दीप्ती नववीच्या विज्ञानाचा धडा मोठ्यानं वाचत होती. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते. कोळसा म्हणजे फार पूर्वीच्या झाडांनी साठवलेलं ऊन. म्हणजे आईच्या उशाशी लागतो तो दिवाही त्या जुन्या उन्हाचाच!

पुढे तिनं वाचलं, ओझं घेऊन कितीही वेळ स्थिर उभं राहिलं तरी विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य. मला तुझं बोलणं आठवलं, आणि आपल्या गावचा सप्ताह. वीणा सात दिवस जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्यानं घ्यायची. त्या वर्षी माझा पहारा संपला तरी माझ्यानंतरचा गडी आलाच नव्हता. ऊन डोक्यावर आलं, मी घामाघूम झालो. तेव्हा तू बायांमधून उठलीस. कुजबूज झाली, ती तू ऐकलीच नाहीस. पाया पडूनच वीणा घेतात, म्हणून धाकट्या भावाच्या पाया पडलीस आणि ती गळ्यात घातलीस.

वीणा तर हलली नव्हती, मग मी घामाघूम कसा? दीप्तीनं सरांना विचारून आणलं. स्थिर दिसणाऱ्या हातात स्नायू आतून सारखे आवळतात, सैल होतात. खाल्लेल्या भाकरीची तिथं उष्णता होते. म्हणजे आपल्या आतही विठ्ठलानं एक बॉयलर पेटवून ठेवला आहे.

आईला अर्धांग झाल्यापासून घासाघासाला तू तिची पाठ छातीशी धरून बसतेस. ती पडत नाही, म्हणून काही घडताना कुणाला दिसत नाही.

तुझ्या भावजयीनं खिडकीशी खाट लावली आहे. रविवारी गाडी घेऊन येतो, आईला इकडे आणायला. फोनवर तू नाहीच म्हटलं असतंस, म्हणून लिहितो आहे. तुझा पहारा फार लांबला, ताई. मी आधी तुझ्या पाया पडेन. मग आईला माझ्या हातात दे.

तुझाच,
धोंडबा