बोलता येईल इतका वेग

आई,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. आपण दोघी कायम एकाच घरात राहिलो. तू जाऊन आता चौदा वर्षं होतील. मी बावन्नची झालेय, ठाण्याच्या कोर्टात अजून स्टेनोच आहे, आणि घर तेच, ठाकुर्लीचं, दुसऱ्या मजल्यावरचं. शेजारचे सगळे बदलले. नवीन लोक दार लावून घेतात, मीही लावून घेते. तीन रविवारांपूर्वी मी ठाण्याला एका स्पर्धेत पाच किलोमीटर पळाले. हे ऐकून तू आधी हसशील, मला माहीत आहे. हस. पण त्यामागचं जे सांगायचं आहे ते हसण्यासारखं नाही, आणि एकदम तिथे जाता येत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

तू पळायला लागलीस तेव्हा एकोणसाठची होतीस. खोपटच्या एसटी डेपोच्या कँटीनमधून तू सुटलीस, त्याच्या पुढच्याच महिन्यात. बाबा जाऊन तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती. चोवीस वर्षं तू त्या कँटीनमध्ये उभ्याने पोळ्या लाटल्या होत्यास. पाय आखडतात म्हणून जरा चालून येते, असं सांगून तू पहाटे ग्राउंडवर जायला लागलीस. मला वाटलं, आठ दिवस जाईल आणि कंटाळेल. मग एक दिवस माझी जुनी सलवार गायब झाली. दुसऱ्या दिवशी दोरीवर एक पुरुषी टी-शर्ट वाळत होता, पाठीवर कसल्याशा सिमेंटची जाहिरात. तिथे एक पी.टी.चे निवृत्त सर बायकांना पळायला शिकवतात, हे तू मला चहा गाळता गाळता सांगितलंस, जसं काही भाजी महागली असं सांगावं. 'आयुष्यभर उभी राहिले गो,' म्हणालीस, 'आता जरा पळून बघते.'

तुझ्या बोलण्यात नवीन नवीन माणसं येऊ लागली. कोण एक ब्लाउज शिवणारी, कोण बालवाडीच्या बाई, कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा गुडघा सुजला. संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा तू ते सगळं सांगायला उत्सुक असायचीस. मी तेव्हा छत्तीसची. माझ्यासाठी स्थळं बघणं तू दोनेक वर्षांपूर्वी थांबवलं होतंस, न बोलता, आणि मीही काही विचारलं नव्हतं. माझ्याकडे सांगण्यासारखं काय असायचं? कुठल्या वकिलांनी आज तारीख घेतली, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले तरी पंखा तोच कसा आहे. मी 'हं हं' करत जेवायचे.

त्याच वर्षी माझ्या वाढदिवसाला तू बुटांचे दोन जोड आणलेस. एक तुला, एक मला. दोन्ही एकाच रंगाचे, करडे, त्यावर निळी रेघ. 'तुझाही नंबर सहाच ना? घालून तर बघ.' मी बसल्या बसल्या एक पाय घातला, छान आहेत म्हटलं आणि खोका कपाटावर टाकला. तू तुझे घालून हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्यास. तुझा चेहरा मला आत्ता दिसतोय, आणि मी टीव्हीकडे बघत बसलेय तीही दिसतेय.

मग तो जुलै. एका सकाळी मी कोर्टातल्या एका सीनियर बाईंबरोबर रिक्षातून स्टेशनकडे निघाले होते. नव्वद फुटी रस्त्याला त्या एकदम बाहेर वाकून म्हणाल्या, 'अगं, ही बघ! या वयात काय ही हौस!' मी पाहिलं, तर तू. केस गच्च बांधलेले, टी-शर्ट घामाने चिकटलेला, चिखलाचे शिंतोडे गुडघ्यापर्यंत, तोंड उघडं. तू पळत होतीस आणि तुझं कुणाकडेही लक्ष नव्हतं. त्या बाईंनी तुला कधी पाहिलं नव्हतं. ही माझी आई, एवढे तीन शब्द मला म्हणता आले असते. मी छत्रीची मूठ घट्ट धरून बसून राहिले. रिक्षा पुढे गेली.

संध्याकाळी तू ओट्याशी पोळ्या करत होतीस, कँटीनच्या सवयीने, एक तव्यावर, एक पोळपाटावर.

'आई, तू रस्त्यावर पळतेस?'

'ग्राउंडवर पाणी साचलंय. सर म्हणाले, रस्त्याच्या कडेने पळा.'

'लोक बघतात.'

'बघू देत की. मी कुणाच्या अंगावर जात नाही.'

'मला आवडत नाही. काहीतरी वयाचं भान ठेव.'

तू लाटणं थांबवलं नाहीस. पोळी उलटत म्हणालीस, 'पुढच्या महिन्यात ठाण्याला तीन किलोमीटरची शर्यत आहे, आमच्या वयाच्या लोकांची. डॉक्टरांचा दाखला लागतो. तेवढा आणायला ये माझ्याबरोबर. इंग्रजीत विचारतात.'

आले मी. छातीला वायरी लावून तुला त्या फिरत्या पट्ट्यावर चालायला लावलं, आणि तू त्या तपासणाऱ्या मुलीला विचारत होतीस, 'याचा वेग अजून वाढत नाही का गो?' रिपोर्ट घ्यायला दोन दिवसांनी मी एकटी गेले. डॉक्टरांनी कागद बघितले आणि म्हणाले, 'उत्तम आहे. माझ्यापेक्षा बरं आहे. सावकाश पळू देत, काही हरकत नाही.' दाखला लिहून दिला. तो मी पर्समध्ये ठेवला आणि क्लिनिकमधून खाली येऊन घरी निघेपर्यंत माझं ठरून गेलं होतं. दार उघडल्या उघडल्या तू विचारलंस, 'काय म्हणाले?' मी चप्पल काढता काढता म्हटलं, 'नको म्हणाले. हृदयावर ताण येईल. चाल हवं तर.'

'तीन किलोमीटरच आहे गो.'

'नाही म्हणजे नाही.'

तू तो रिपोर्ट हातात घेऊन उलटसुलट केलास. आकडे आणि रेघा. मग नीट घडी घालून कपाटात वर्तमानपत्राखाली ठेवलास. दाखला मी दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, चार तुकडे करून. दोन दिवसांनी पहाटे पाचचा गजर वाजला, तू तो बंद केलास आणि पलंगाच्या कडेला पाय सोडून बसून राहिलीस. मी जागी आहे. मी डोळे मिटून पडलेय, आणि तू उठून दिवा लावावास, चहा ठेवावास, काहीतरी आवाज करावास असं मला वाटतंय. तू तशीच बसून आहेस. उजाडेपर्यंत.

त्यानंतर तू पळण्याचं नाव काढलं नाहीस. संध्याकाळी आपण मालिका बघायचो. दोन वर्षांनी कावीळ झाली म्हणून तुला दाखवायला नेलं, ते यकृताचं भलतंच निघालं आणि पाच आठवड्यांत सगळं संपलं. शेवटच्या दिवसांत तुला पुसून घेताना एक नर्स म्हणाली होती, 'आजींचे पाय बघा किती दणकट आहेत!' तुला ऐकू गेलं होतं. तू डोळे न उघडता हसलीस. सांगायचं तर तेव्हा सांगता आलं असतं. मी तुझ्या पायांवर चादर ओढली.

गेल्या वर्षी मला साखर निघाली. चाला, जमलं तर पळा, असं डॉक्टर म्हणाले. मी कपाटावरचा खोका काढला. बूट अगदी नवेकोरे दिसत होते. तेच घालून मी त्या ग्राउंडवर गेले, पहिल्यांदाच. अर्धी फेरी झाली असेल, पायाखाली काहीतरी भुसभुशीत लागलं. वळून बघते तर मागे सगळीकडे बुटाच्या तळाचे तुकडे पडलेले, खारी बिस्किटाचा चुरा सांडावा तसे. डाव्या पायाचा तळ पूर्णच निघून आला. मी तो हातात घेऊन उभी राहिले, आणि बाकावर काठी टेकून बसलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, 'न वापरता ठेवले होते ना? असंच होतं. वापरले असते तर दोन वर्षं आरामात टिकले असते.'

ते तुझे सर होते. ऐंशीच्या पुढे गेलेत आता. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला शेजारी बसवलं. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं. म्हणाले, 'तुमच्या आई शर्यतीला आल्या असत्या तर पहिल्या तिनात असत्या.' मी म्हटलं, 'हो, पण डॉक्टरांनी...' आणि थांबले. सर म्हणाले, 'डॉक्टरांनी कुठे? त्या स्वतः जाऊन विचारून आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, खुशाल पळा. मला इथे येऊन सांगून गेल्या त्या. मी म्हटलं, मग काय अडचण आहे? तर म्हणाल्या, मुलीला नको आहे. मी इकडे आले की ती घरात एकटी पडते.'

आई, तुला माहीत होतं. दोन वर्षं तू माझ्या शेजारी बसून मालिका बघितल्यास आणि तुला माहीत होतं. मला वाटत होतं, मला लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले. इतकी वर्षं मी तेच धरून बसले होते. लाज होतीच. पण तू ज्या दिवशी ग्राउंडवरून हसत यायचीस त्या दिवशी मला आतून कसंतरी व्हायचं, ते काय होतं हे मला बावन्नाव्या वर्षी एका परक्या माणसाच्या तोंडून कळलं. तू माझ्यावर रागावली असतीस, तो रिपोर्ट माझ्यापुढे टाकला असतास, तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी एक बूट पायात आणि एक हातात घेऊन रिक्षापर्यंत गेले.

दुसऱ्या आठवड्यात नवे बूट घेतले. सर सगळ्यांना एकच नियम सांगतात, तुलाही सांगितला असेल: बोलता येईल इतक्याच वेगाने पळा, बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे. बाकीच्या बायका जोडीजोडीने पळतात, एकमेकींशी बोलत. त्या चौघी आहेत, तुझ्या वेळची त्यांच्यात कुणी नाही. त्यांनी मलाही बोलावलं, पण माझा वेग कमी, मी मागेच राहते. मग वेग बरोबर आहे की नाही हे कळायला मी हळू आवाजात तुझ्याशी बोलायला लागले. आज भेंडी आणलीय. न्यायाधीश नवीन आलेत, फार भराभर सांगतात. लिफ्ट पुन्हा बंद आहे. कुणी जवळून गेलं की मी गप्प होते. तुझ्याशी एवढं मी तू असताना कधी बोलले नव्हते.

शर्यतीच्या दिवशी आम्ही पाचजणी पहाटे ठाण्याला गेलो. पळायचा रस्ता खोपटवरून होता. डेपोपाशी डिझेलचा वास आला आणि मला कँटीनचं मागचं दार आठवलं. शाळा सुटल्यावर लोकलने येऊन मी तिथे उलट्या डब्यावर बसून अभ्यास करायचे, आणि तू दर थोड्या वेळाने पिठाच्या हातांनी बाहेर डोकावून बघायचीस, मी आहे ना. मला पाहिलंस की परत आत जायचीस. बोलायचीच नाहीस. तिथे माझा श्वास बिघडला. मी थोडं चालले, मग पुन्हा पळाले. एकेचाळीस मिनिटं लागली. माझ्या मागे बरेच जण होते, हे तुला सांगायलाच हवं.

पोचल्यावर त्या चौघींनी मला मिठ्या मारल्या, फोटो काढले. त्यातली सगळ्यात बोलकी, दातांच्या डॉक्टरकडे कामाला असते ती, म्हणाली, 'चल, आता मिसळ. आज तुला सोडणार नाही.' मला जायचं होतं, आई. खरंच जायचं होतं. पण एवढ्या जणींमध्ये बसून काय बोलायचं असतं हे मी विसरून गेलेय. माझ्या तोंडून निघालं, 'नको गं, घरी आई वाट बघतेय.'

'आई आहे तुला? कधी बोलली नाहीस! आम्हाला वाटलं तू एकटीच असतेस. वय काय त्यांचं?'

'शहात्तर,' मी म्हटलं. हिशोब करावा लागला नाही.

'मग त्यांना घेऊन ये ना एकदा ग्राउंडवर. बसतील बाकावर.'

'हो, विचारते.'

मी एकटी परत आले, वाटेत काही खाल्लं नाही. त्यानंतर दोन रविवार ग्राउंडवर गेले नाही. सरांना खरं माहीत आहे. कधीतरी विषय निघेल आणि सगळं उघड होईल. जायला हवं आणि आपणच सांगून टाकायला हवं, हे मला कळतं. हे पत्र तू वाचणार नाहीस म्हणून इतकं सरळ लिहिता आलं. त्या चौघींसमोर यातलं एक वाक्यही मला जमणार नाही. आज सकाळी त्या बोलकीचा मेसेज आला, 'दिसली नाहीस. आईंची तब्येत बरी आहे ना?' मी लिहिलं, 'आता बरी आहे. तिला माझ्याशिवाय करमत नाही, म्हणून आले नाही.' आणि ते पाठवून झाल्यावर, आई, मला फार बरं वाटलं.