नवऱ्याला रडवले तो शेवट

१२ जानेवारी १९५४, आमगाव

दिवाळीपासून या वहीला हात नाही. चूक माझीच. लिहीत होतो, पण चित्रपटासाठी. इथे खरे लिहावे लागते म्हणून टाळले असावे. पटकथा झाली. नायिका सासर सोडून भावाकडे येते, ती परत जात नाही. सगळी आमच्या बहिणीवरून, शांतावरून, तिच्या वाक्यांसकट. दवनीवाड्याच्या सासरहून आली तेव्हाचे पाठीवरचे वळ सौ.ने पाहिलेत. तेही घातले. शांताला विचारले नाही.

१७ जाने.

दादा परवा मुंबईहून आला. दिग्दर्शन त्याचेच. पैसा लावणाऱ्या गोंदियाच्या शेठची अट एकच : "बहू घर लौटनी चाहिए।" शेवट बदलला. नवरा दारात येऊन रडतो, ती त्याच्यामागून जाते. लिहिताना माझेच डोळे भरले. त्याची आता शरम.

१८ जाने.

बाबा मूकपट काढत तेव्हापासूनची रीत : गोष्ट आधी घरातल्या बायकांना वाचून दाखवायची. त्या मध्येच उठल्या तर प्रसंग कापायचा. आज वाचली. सौ. रडली. शांता तांदूळ निवडत बसली होती, उठली नाही. शेवटी म्हणाली,

"भाऊ, त्याले रडवलं काऊन?"

दादा हसला. "अगं, चित्र आहे."

"तो असा रडला असता तं मी इथं आली असती काय? आता लोक म्हनतील, बिचारा एवढा रडला, अन् ही अजून भावाच्या घरी भात खाऊन राहिली."

सौ. डोळे पुसतच होती. तिचा का कोण जाणे राग आला.

२० जाने.

दादाने हौसेने स्टेशनवरच्या चहावाल्याला गोष्ट सांगितली. आज शांताचे भासरे, तिचे थोरले दीर, दारात.

"तुमच्याच पिक्चरमंधी बाई घरी येते म्हनतेत. मंग पाठवा ना! सोमवारी तो येऊन राहिला न्यायले."

दादा त्यांना पान देत राहिला. 'नाही' म्हणायला हवे होते. 'बघू' म्हणालो.

संध्याकाळी शांता : "सोमवारी तो खरंच रडला तं?"

कसे रडायचे ते मीच लिहून दिले आहे.

दादा म्हणतो, जुना शेवट ठेवला तर चित्रच नाही. लागोपाठ पडलीत त्याची. हेही गेले तर बाबांचे नाव पडद्यावर पुन्हा... त्याचेही खोटे नाही. उद्या दुपारी गोंदियात शेठपुढे वाचणार आहे.

उद्या : दादा गाडीला निघण्याआधी शेवटची पाने परत मागणे.