आत्याचा करडा चौकोन

३ जानेवारी
संकल्प : यंदा घराण्याची वंशावळ. सॉफ्टवेअर डाउनलोड केलं. सात पिढ्या, रंगीत चार्ट, एप्रिलमध्ये वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, वाढदिवसाला भिंतीवर. बायको म्हणाली, आधी गीझर दुरुस्त करून घ्या. मोठ्या कामांना घरातून असाच पाठिंबा मिळतो.

५ जानेवारी
नानांना अंथरुणातच बातमी दिली. म्हणाले, चार्ट राहू दे, माझ्या बहिणीला शोध. आत्या आजोबांशी भांडून, स्वतःच्या मनाने लग्न करून गेली. पुन्हा घरात कुणी तिचं नाव काढलं नाही. नानांना तिला एकदा बघायचंय. समजावलं, संशोधनाला क्रम असतो. आधी मूळपुरुष, जिवंत माणसं मागाहून.

११ जानेवारी, दुपारी
चार्टवर प्रत्येक माणसाचा चौकोन भरणं म्हणजे डोक्याला ताप. युक्ती सापडली. आजीचा चौकोन कॉपी केला, मृत्यूची तारीख पुसली, नाव बदललं, आत्या तयार. बाकी तपशील सवडीने.

२ फेब्रुवारी
मूळपुरुष अजून सापडत नाही. फॉन्ट मात्र ठरला. नाना पुन्हा बहिणीचंच घेऊन बसले : सायकल तिनेच शिकवली, पडलो तर आईला सांगितलं नाही. म्हटलं, हे सगळं रेकॉर्ड करू, चांगला माइक येऊ दे.

१९ फेब्रुवारी
‘तपासणी’चं बटण दाबलं आणि आत्याचा चौकोन आपोआप करडा झाला. मृत. इतक्या वर्षांचं कोडं चुटकीसरशी सुटलं. बायकोने विचारलं, कोणी सांगितलं? म्हटलं, सॉफ्टवेअरने. म्हणाली, त्याला कोणी सांगितलं? पुरावा कशाशी खातात हे तिला माहीत नाही.
नानांना सांगून टाकलं. लपवाछपवी माझ्या तत्त्वात बसत नाही. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

२६ फेब्रुवारी
नाना जेवत नाहीत. डॉक्टर म्हणतात, वय झालं. बायको म्हणते, जवळ जाऊन बसा. बसलो, लॅपटॉप घेऊन. पणजोबांच्या भावांची नावं विचारली. म्हणाले, ती गेली ना, मग राहू दे आता. वाईट वाटलं. चार्ट बघून उभारी येईल.

९ मार्च
पहाटे नाना गेले. बायको जवळ होती. मी झोपलो होतो. मला कोणी उठवलं नाही.

१० मार्च
बायको नातेवाइकांना कळवत होती. एकाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसरा, आणि तिसऱ्या फोनवर आत्याच बोलली. संध्याकाळी काठी टेकत आली, एकटी, बसने. दोन तासांवर राहते. नानांच्या रिकाम्या पलंगावर बसली. विचारलं, माझी आठवण काढायचा का रे? म्हटलं, शेवटपर्यंत. हे शंभर टक्के खरं आहे. म्हणाली, मग बोलावलं का नाही? बायको माझ्याकडे बघत होती. मी चहा टाकायला आत गेलो.

११ मार्च
बायकोने स्क्रीनवर बोट ठेवलं : आत्या आणि आजी, जन्मतारीख एकच. शंभरी उलटलेल्या माणसाला हे सॉफ्टवेअर मेलेलं धरतं म्हणे. अशी गोष्ट ठळक अक्षरांत लिहायला नको? कंपनीला चांगलं खरमरीत लिहिणार आहे. बायको तेवढं बोलून उठली.
आत्याचा करडा रंग काढला. नानांना दिला. चार्ट आता अगदी अचूक आहे.
दाखवायला म्हणून सवयीने नानांना हाक मारली.